भटारखाना ते ‘ताज’: जमशेटजी टाटा आणि मावळचे पाणी

मुंबईतील भोजनगृहांची गणना आता आशिया खंडातील नामांकित भोजनगृहांत होऊ लागली आहे. २०२३ साली आशियातील सर्वोत्तम पन्नास उपाहारगृहांच्या यादीत महालक्ष्मी येथील ‘मास्क’ने सोळावे स्थान मिळवले आणि त्या वर्षीचे भारतातील सर्वोत्कृष्ट उपाहारगृह म्हणून त्याचा गौरव झाला. हे उपाहारगृह एका जुन्या लोकरीच्या गिरणीच्या आवारात आहे. ज्या आवारात एकेकाळी कामगारांच्या पाळ्या भरत, तेथे आज खवय्यांच्या पंक्ती बसतात. गिरणी आणि भोजनगृह यांचा संबंध मुंबईला नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी याच शहरातील एका गिरणीमालकाने पदरचे पैसे घालून समुद्रकिनारी एक हॉटेल उभारले आणि उत्तम आतिथ्याचा मानदंड या देशात घालून दिला. त्या गृहस्थाचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा. त्यांच्याच मनात त्याच सुमारास आणखी एक कल्पना आकार घेत होती. लोणावळ्याच्या परिसरात कोसळणाऱ्या पावसावर मुंबईच्या गिरण्या चालवण्याची ती कल्पना होती. त्यामुळे ‘ताज’च्या या निर्मात्याची जीवनकथा सांगताना मावळाला वगळून चालत नाही.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे, पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात झाला. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली पौरोहित्याची वाट सोडून व्यापारात उतरणारे त्यांचे वडील नसरवानजी हे घराण्यातील पहिलेच पुरुष. वडिलांच्या मागोमाग मुलगाही किशोरवयात मुंबईस आला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण १८५८ साली पूर्ण करून तो वडिलांच्या पेढीत दाखल झाला. पुढील काही वर्षांत हाँगकाँग आणि इंग्लंड येथे पेढीच्या कामानिमित्त त्याचे वास्तव्य झाले. व्यापाराचे धडे त्याने याच काळात गिरवले, आणि त्यांतील सर्वांत कठोर धडा अपयशाचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला आलेला भाव १८६५ साली युद्ध संपताच कोसळला. रातोरात श्रीमंत झालेल्या पेढ्या रातोरात बुडाल्या. टाटांच्या पेढीलाही त्याची जबर झळ बसली आणि लंडनमध्ये सावकारांना सामोरे जाण्याची वेळ तरुण जमशेटजींवर आली. त्यांनी व्यवहार लपवले नाहीत, देणेकऱ्यांपासून तोंडही चुकवले नाही. या सचोटीने त्यांची पत वाचवली.

१८६८ साली एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःचा व्यापार सुरू केला. त्याच सुमारास ब्रिटिशांच्या अ‍ॅबिसिनिया मोहिमेला रसद पुरवण्याच्या कंत्राटात नसरवानजी भागीदार होते. त्यातून घराण्याची आर्थिक घडी पुन्हा बसली. जमशेटजींनी चिंचपोकळीतील एक बंद पडलेली तेलगिरणी विकत घेतली, तिचे कापडगिरणीत रूपांतर केले आणि दोनच वर्षांत ती नफ्यात विकून टाकली. मात्र खरी गिरणी उभी करण्यासाठी त्यांनी मुंबई न निवडता नागपूर निवडले. कापूस पिकतो त्या प्रदेशाजवळ गिरणी असावी, हा त्यांचा हिशेब त्या काळी अनेकांना वेडेपणाचा वाटला. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले त्याच दिवशी, ‘एम्प्रेस मिल’ सुरू झाली. पुढे येथे कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी आणि अपघात झाल्यास भरपाई अशा सोयी झाल्या. कायद्याने तसे कोणतेही बंधन नसताना त्या झाल्या, हे विशेष.

गिरण्या स्थिरावल्यावर जमशेटजींच्या मनाने मोठी झेप घेतली. उत्तरायुष्यात त्यांना चार गोष्टींचा ध्यास लागला होता. हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना निघावा, उच्च विज्ञानशिक्षणाची संस्था स्थापन व्हावी, पाण्यापासून वीज निर्माण करावी आणि मुंबईत जागतिक दर्जाचे हॉटेल असावे. पहिल्या तीन गोष्टींचे महत्त्व पाठ्यपुस्तकांतून शिकवले जाते. चौथीकडे मात्र धनिकाची हौस म्हणूनच पाहिले जाते. त्यांच्या स्वतःच्या घरातही काहीसा हाच सूर उमटल्याचे सांगतात. एकीकडे विज्ञानसंस्था आणि पोलादाचा कारखाना यांच्या गोष्टी करणारा हा मनुष्य आता भटारखाना काढणार की काय, असा टोमणा त्यांच्या एका बहिणीने मारल्याची आठवण चरित्रकारांनी नोंदवली आहे. प्रतिष्ठित पारशी घराण्यातील पुरुषाने लोकांना पैसे घेऊन जेवू घालावे, ही कल्पनाच त्या काळच्या कुटुंबाला कमीपणाची वाटावी, यात नवल नव्हते.

या टोमण्याचे मर्म समजण्यासाठी त्या काळातील पंक्तीचे राजकारण लक्षात घ्यावे लागते. कोणी कोणाबरोबर बसून खावे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अत्यंत नाजूक होता. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहाबिस्किटे घेतल्याच्या आरोपावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या थोरांवर ग्रामण्याचे संकट आले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. ही झाली आपल्या समाजाची बाजू. राज्यकर्त्यांची पंक्ती याहून निराळी नव्हती. भायखळा क्लब आणि यॉट क्लब यांची दारे केवळ गोऱ्यांसाठी उघडी होती. हिंदी माणूस कितीही श्रीमंत व सुशिक्षित असला तरी सभासद म्हणून त्याला तेथे प्रवेश नव्हता. अशा शहरात कोणत्याही जातीचा, धर्माचा वा वर्णाचा पाहुणा पैसे मोजून एकाच छताखाली उतरू शकेल आणि एकाच भोजनगृहात जेवू शकेल, अशी जागा निर्माण करणे हे केवळ व्यापारी धाडस नव्हते.

वॉटसन हॉटेलात हिंदी म्हणून प्रवेश नाकारला गेल्यामुळे जमशेटजींनी सूड म्हणून ‘ताज’ बांधले, ही कथा आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. कथा सुरस आहे, स्वाभिमानाला सुखावणारी आहे. परंतु तिला ठोस समकालीन पुरावा मिळत नाही आणि अनेक अभ्यासकांनी तिच्याविषयी शंका व्यक्त केली आहे. मुंबईला शोभेल असे चांगले हॉटेल नाही, ही तक्रार त्या काळी अनेकजण करीत. बोरीबंदर आणि गोदीमार्गे येणारे परदेशी प्रवासी शहरात फारसे न रेंगाळता पुढे निघून जात. जमशेटजींनी युरोप, अमेरिका आणि जपान यांचा विस्तृत प्रवास केला होता. तेथील हॉटेले त्यांनी पाहिली होती, तेथे वास्तव्य केले होते. शहराचे मोठेपण त्याच्या आतिथ्यावरूनही जोखले जाते, हे त्यांनी ओळखले होते. सूडापेक्षा या जाणिवेतून ‘ताज’ जन्मास आले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

या निर्णयाची वेळ मात्र विलक्षण होती. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले आणि मुंबईवर काळरात्र कोसळली. काही महिन्यांतच शहराची निम्मी वस्ती गावोगाव पांगली. गिरण्यांना कामगार मिळेनात, बाजार ओस पडले, परदेशी बंदरांत मुंबईच्या जहाजांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. हे शहर पुन्हा उभे राहील की नाही, अशी शंका जाणत्यांनाही वाटत होती. अशा काळात, १८९८ साली, जमशेटजींनी अपोलो बंदराजवळची समुद्रालगतची जागा भाडेपट्ट्याने घेतली. लोक शहर सोडून जात असताना पाहुण्यांसाठी घर बांधण्यास निघालेला हा गृहस्थ मुंबईच्या भवितव्यावर स्वतःची पुंजी लावीत होता. हॉटेलासाठी लागणारा पैसा त्यांनी कंपनीच्या तिजोरीतून न घेता स्वतःच्या खिशातून घातला, ही गोष्ट या संदर्भात महत्त्वाची आहे.

वास्तूचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या हिंदी वास्तुविशारदांनी केला. बोरीबंदर स्थानकाचे शिल्पकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली या दोघांनी काम केले होते. काम पूर्णत्वास जाण्यापूर्वीच वैद्य यांचे निधन झाले आणि पुढील जबाबदारी डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याकडे आली. बांधकाम खानसाहेब सोराबजी रतनजी यांच्याकडे होते. आजही पाहणाऱ्यास थक्क करणारा मधला अधांतरी जिना त्यांच्याच कौशल्याची साक्ष देतो. इमारत उलटी बांधली गेल्याचे पाहून वास्तुविशारदाने आत्महत्या केली, ही दंतकथाही वैद्यांच्या अकाली मृत्यूभोवतीच रचली गेली असावी. प्रत्यक्षात प्रवेशद्वार शहराच्या बाजूस ठेवणे ही योजना हेतुपूर्वक केलेली होती. एका मराठी वास्तुविशारदाचे नाव मात्र या दंतकथेच्या गदारोळात मागे पडले, याची खंत वाटते.

हॉटेलातील सामग्रीच्या निवडीत जमशेटजींनी जातीने लक्ष घातले. डसेलडॉर्फ, बर्लिन, पॅरिस अशा शहरांतून त्यांनी यंत्रे, विजेची उपकरणे आणि लोखंडी खांब मागवले. अमेरिकी पंखे, जर्मन उद्वाहने, तुर्की स्नानगृहे अशी सारी नवलाई येथे एकवटली. पाहुण्यांच्या नजरेस न पडणाऱ्या व्यवस्थेचाही त्यांनी तितकाच बारकाईने विचार केला होता. कपडे धुण्याची स्वतंत्र व्यवस्था, सोडावॉटर तयार करण्याचे यंत्र, चांदीच्या भांड्यांना मुलामा देण्याची सोय, काचेची व चिनीमातीची भांडी धुण्याची यंत्रे, स्वतःची वीजनिर्मिती ही या वास्तूची खरी पायाभरणी होती. उत्तम भोजनगृहाची कीर्ती ताटात वाढलेल्या पदार्थावर उभी असते, असे जेवणाऱ्यास वाटते. ती मुदपाकखान्यामागच्या मोरीत, शीतगृहात आणि पाण्याच्या नळात ठरते, हे चालवणाराच जाणतो. भटारखाना हा शब्द ज्यांनी हेटाळणीने वापरला, त्यांना भटारखान्यातील शास्त्र ठाऊक नव्हते.

१६ डिसेंबर १९०३ रोजी ‘ताजमहाल हॉटेल’ सुरू झाले, तेव्हा बांधकामाचा काही भाग अपुराच होता. पहिल्या दिवशी उतरलेल्या पाहुण्यांची संख्या अवघी सतरा होती. सुमारे अडीच लाख पौंड खर्चून उभारलेल्या वास्तूत सतरा पाहुणे, हे गणित कोणत्याही व्यापाऱ्यास धडकी भरवणारे होते. पण अंधार पडताच विजेच्या दिव्यांनी उजळून निघालेली ती इमारत पाहण्यासाठी बंदरावर गर्दी लोटत असे. आज ज्याच्या शेजारी ‘ताज’ आहे असे आपण म्हणतो, ते ‘गेट वे ऑफ इंडिया’ तेव्हा नव्हतेच. त्याचे बांधकाम पूर्ण होऊन ते खुले होण्यास १९२४ साल उजाडायचे होते. समुद्रमार्गे येणाऱ्यास वीस वर्षे मुंबईचे पहिले दर्शन घडले ते एका हॉटेलाच्या घुमटाचे.

जमशेटजींच्या चार स्वप्नांपैकी त्यांच्या डोळ्यांदेखत साकार झालेले हे एकच. मार्च १९०४ मध्ये पत्नी हिराबाई यांचे निधन झाले आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे उपचार घेत असताना जमशेटजींनी देह ठेवला. ‘ताज’ सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथील दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत. पोलादाची कंपनी १९०७ साली स्थापन झाली, बंगळूरची विज्ञानसंस्था १९०९ साली स्थापन झाली. उरले होते पाण्यापासून विजेचे स्वप्न, आणि त्याचे क्षेत्र होते मावळ.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत. कोळसा दुरून आणावा लागे आणि त्याचा धूर शहराच्या छातीत भरे. घाटमाथ्यावर मात्र पावसाळ्याच्या चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. लोणावळ्याच्या परिसरातील हे पाणी स्वभावतः पूर्वेकडे, इंद्रायणीतून भीमेकडे आणि तेथून कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराकडे जाणारे. ते अडवून पश्चिमेकडे वळवावे आणि घाटाच्या कड्यावरून नळांतून खाली सोडावे, तर त्याच्या वेगावर वीज निर्माण करता येईल, अशी योजना डेव्हिड गोस्टलिंग या अभियंत्याने मांडली आणि जमशेटजींनी ती उचलून धरली. त्यांच्या पश्चात पुत्र दोराबजी यांनी तिचा पाठपुरावा केला. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली, ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्यात गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते कोनशिला बसली, आणि लोणावळा, वळवण व शिरवटा येथील जलाशयांचे पाणी सतराशे फुटांहून अधिक खाली खोपोलीच्या वीजगृहात उतरून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे आंध्र खोऱ्यातील ठोकरवाडी धरणावर भिवपुरीचे आणि मुळशीच्या धरणावर भिरा येथील वीजगृह उभे राहिले.

मुंबईच्या झगमगाटाची ही दुसरी बाजू येथेच सुरू होते. धरणाच्या पाण्याखाली गेलेली जमीन ही कुणाची तरी भातशेती होती. मावळातील भात सुवासिक म्हणून नावाजलेला. आंबेमोहराची लावणी येथल्या पाणथळ खाचरांतच बहरते. मुळशी धरणासाठी जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरणाविरुद्धच्या शेतकऱ्यांच्या संघटित लढ्यांच्या इतिहासात या सत्याग्रहाचे स्थान अग्रभागी आहे. सत्याग्रह अखेर मोडला आणि गावे बुडाली. जमशेटजी तेव्हा हयात नव्हते. परंतु त्यांनी पाहिलेल्या स्वप्नाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. ज्या गृहस्थाने कायदा नसताना गिरणीकामगाराला निवृत्तिवेतन दिले, त्याच्या नावाची संस्था भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत तेवढी संवेदनशील का राहिली नाही, असे वाचकाने विचारले तर ते गैर ठरणार नाही.

काले कॉलनी या जुन्या नावानेही ओळखले जाणारे पवनानगर ही याच परंपरेची पुढची कडी आहे. येथील पवना धरण टाटांचे नाही, ते स्वातंत्र्यानंतर शासनाने बांधले. त्याचे पाणी आज पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पोहोचते. मात्र धरणासाठी जमिनी दिलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळत राहिला. याच धरणातून बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातील शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. तुंग, तिकोना आणि लोहगड यांच्या सावलीतील हा जलाशय आता सहलींचे ठिकाण झाला आहे. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी तंबूत मुक्कामाला येतात, चुलीवरच्या भाकरीचे आणि रश्श्याचे कौतुक करतात. ज्यांची खाचरे पाण्याखाली गेली, त्यांचीच पुढची पिढी काठावर पाहुण्यांना ताटे वाढते आहे.

‘ताज’चा पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. पहिल्या महायुद्धात त्याचे सहाशे खाटांचे रुग्णालय झाले. गोव्याचे मिगेल आर्कान्जो मस्करेन्हास यांच्यासारखा हिंदी आचारी पुढे त्याच्या मुदपाकखान्याचा प्रमुख झाला. १९७३ साली सुरू झालेल्या ‘गोल्डन ड्रॅगन’ने सिचुआन पद्धतीच्या चिनी जेवणाची ओळख मुंबईकरांना करून दिली, तर २००४ साली आलेल्या ‘वसाबी’ने जपानी पाककलेची. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात याच वास्तूत आचारी आणि वाढपी पाहुण्यांच्या आड उभे राहिले आणि त्यांतील अनेकांनी प्राण गमावले. जुनी वास्तू १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुली झाली. भटारखान्यात काम करणारा माणूस कोणत्या उंचीचा असू शकतो, हे त्या रात्रीने अवघ्या जगाला दाखवले. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या टोमण्याला याहून चोख उत्तर असू शकत नाही.

जमशेटजींचे मोठेपण त्यांनी श्रीमंतांसाठी आलिशान हॉटेल बांधले, यात नाही. आजारी पडलेल्या शहरावर विश्वास ठेवण्यात, पाहुण्याची जात न विचारता त्याला पंक्तीत बसवण्यात आणि न दिसणाऱ्या कामाला दिसणाऱ्या वैभवाइतकाच मान देण्यात ते आहे. पुरस्कारांच्या याद्या दरवर्षी बदलतील, नवी भोजनगृहे येतील आणि जुनी मिटतील. परंतु ताटाचे मोल ठरवताना ते ज्या पाण्यावर शिजले आणि ज्या विजेवर उजळले, त्याचा हिशेबही मांडावा लागेल. न दिसणाऱ्या कामाला मान देण्याची जमशेटजींची शिकवण शेवटापर्यंत पाळायची ठरवली, तर त्या मानाच्या पंक्तीत पहिले पान मावळच्या शेतकऱ्याचे मांडावे लागेल.